१६० पैकी ११८ : थांबलो ते बरोबर केलं का?

चाकोरीबाहेर (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, आजचा हिशोब मांडतोय. वृत्तांत म्हणा नाहीतर रडगाणं म्हणा. शेवटी एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर रोखठोक द्या. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

बेत १६० किलोमीटरचा होता. दोघंच, मी आणि माझा नेहमीचा जोडीदार (तो इथे फक्त वाचतो, लिहीत नाही). मागे दोन पॅनिअर (कॅरिअरला लटकणाऱ्या पिशव्या), वर तंबू. सायकल आणि सामान मिळून तीस किलो, शिवाय मी सत्तर.

पहाटे ४:४० ला निघालो. उन्हाळ्यातल्या सायकलिंगचा सगळा आनंद त्या पहिल्या तीन तासांत असतो. ८ वाजता ६२ किलोमीटर झाले होते, पाय हलके, डोकं थंड. इथेच घात झाला असं आता वाटतंय, कारण मनात पक्कं बसलं की दुपारच्या आत बरंचसं उरकून टाकू. अर्धा तास बसून खाल्लं आणि निघालो.

९:५० ला, ८४ व्या किलोमीटरवर मागचं चाक बसलं. मागचं म्हणजे सगळं सामान उतरवणं आलं. आजूबाजूला सावली म्हणाल तर आमची स्वतःची, तीही पायाखाली. टायरमधून तारेचा तुकडा निघाला, नखाएवढाही नव्हता. स्पेअर ट्यूब काढली तर तिचा व्हॉल्व्ह मुळाशी चिरलेला. वर्षभर पिशवीत घडी करून पडली होती, कधी चिरली देव जाणे. जोडीदाराची ट्यूब माझ्या चाकाला बसत नाही. मग ठिगळ. जुनी ट्यूब घासली, सोल्यूशन दाबलं, काही येईना. तोंडाशी नुसता सुकलेला पिवळट गोळा! त्याच्या किटमधलं सोल्यूशन घेऊन लावलं, तर कपाळावरचा घाम बरोब्बर त्याच जागी टपकला. पुन्हा पुसा, पुन्हा घासा. पंपाच्या नळीला हात लावला की चटका बसत होता. एकूण ४० मिनिटं भर उन्हात गेली.

१०:३० ला निघालो तेव्हा डोक्यात एकच, वेळ भरून काढायचा. आणि वारा पाठीला आला! नशीब फिरलं म्हटलं. २६ किलोमीटर सव्वा तासात हाणले. पण अंगाला वारा म्हणून लागत नव्हता. हातमोजे पिळून काढावेत असे झालेले, हनुवटीवरून धार. बाटलीतलं पाणी इतकं तापलेलं की घोट घेतला की उमासा यायचा, तरी नेमाने पीत होतो. सकाळपासून मोजून साडेपाच लिटर प्यालो, बहुतेक साधं पाणीच.

११० नंतर आठ किलोमीटरचा चढ, साधारण सहा टक्के. वारा अजून पाठीलाच. चढ संपला तिथे एक झाड होतं, १२:५० झाले होते, सायकल कॉम्प्युटर ४७ अंश दाखवत होता. उरले किती ते मनात काढायला गेलो. १६० वजा ११८. आधी ५२ आले. मग ३८. मग बोटांवर मोजायला लागलो आणि कुठून सुरुवात केली तेच विसरलो. तेवढ्यात दंडाकडे लक्ष गेलं, तर त्या उन्हात अंगावर काटा उभा होता. थंडीत येतो तसा.

जोडीदार म्हणाला, "आता थांबायचं." मी त्याच्यावर खेकसलो. त्याने वाद घातला नाही. माझं पुढचं चाक काढलं, ते मांडीखाली घेतलं आणि वर बसला. दोन तासांनी एका मालवाहू गाडीवाल्याने दोघांना सायकलींसकट मुक्कामी सोडलं.

५:३० वाजता मी ठणठणीत. हवा गार झालेली, उजेड होता, आणि मी खोलीत बसून उरलेल्या ४२ चा विचार करत होतो. तोच सल आहे. थांबणं बरोबर होतं, की सावलीत चार तास काढून संध्याकाळी पुरं करता आलं असतं? आणि एवढं पाणी पिऊनही हे झालंच कसं?

खोचक (रविवार, रात्री ९:५८)

शेवटचे ४२ किलोमीटर चार चाकांवर पार पाडल्याबद्दल अभिनंदन. धाग्याचा विभाग बदला, 'मोटार प्रवास' असा वेगळा आहे.

मुक्काम पोस्ट (रविवार, रात्री १०:१०)

खोचकराव, तुम्ही शेवटचं कधी निघाला होतात हो सामान लादून? असो.

चाकोरी, तुमचा जोडीदार सोन्याचा आहे, त्याला जपा. चाक काढून त्यावर बसायची युक्ती मी आता कायमची उचलली.

रात्रपाळी (रविवार, रात्री १०:३२)

मी लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या सायकल फेऱ्या) करतो, त्यामुळे घड्याळाशी भांडण रोजचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस. गणित केलंत तर थांबे धरून ताशी १५ च्या आतबाहेर. म्हणजे घड्याळ तसं दयाळू असतं. तरी उन्हाळ्यात लोक ब्रेव्हे सोडतात ते बहुतेक वेळा पाय संपले म्हणून नाही, सकाळी कमावलेला वेळ दुपारी उधळला म्हणून. १० वाजता दोन तास हातात असतात आणि माणूस म्हणतो, अजून थोडं पुढे जाऊन थांबू. ते दोन तास सावलीत घालवण्यासाठीच कमावलेले असतात हे त्या वेळी सुचत नाही.

तुम्हाला तर घड्याळही नव्हतं! १६० चा आकडा तुम्हीच घातलेला. पंक्चरमध्ये गेलेली ४० मिनिटं भरून काढायची कोणाला होती?

माझा उन्हाळ्यातला दिवस दोन पाळ्यांचा. पहाटे ३ ते १०, मग आडवं व्हायचं (झोप लागो न लागो), आणि उन्हं कलली की ५ ते ९. दुपारी २ ते ४ ला हवा सगळ्यात तापलेली असते, १२ ला नाही, कारण जमीन तापून मग हवेला तापवते. म्हणून '१२ वाजले, आता उतरती कळा' हा हिशोब चुकीचा. तुम्ही १२:५० ला थांबलात तेव्हा खरी भट्टी अजून पुढे होती.

घटाघट (रविवार, रात्री १०:४५)

सरळ आहे, पाणी कमी पडलं. आठ तासांत साडेपाच लिटर म्हणजे काहीच नाही. तहान लागो न लागो, तासाला दीड लिटर गेलंच पाहिजे. मी असंच करतो, मला कधी काही झालं नाही.

आकडेमोड (रविवार, रात्री ११:२०)

घटाघट, पाण्याकडे येतोच, पण आधी तुम्ही सगळे ज्याला नशीब म्हणताय त्या पाठच्या वाऱ्याकडे बघू. माझ्या मते मुख्य आरोपी तोच.

शंभर किलो वजन सहा टक्के चढावर ताशी ८ ने न्यायला पेडलवर साधारण १५० वॉट लागतात. माणसाचं शरीर हे इंजिन म्हणून फार गलथान. खाल्लेल्या ऊर्जेतली २०-२५ टक्केच पायात पोचते, बाकीची उष्णता. म्हणजे १५० वॉट पेडलवर दिले की पाचशेच्या वर वॉट अंगात तापायला मोकळे. अर्ध्या किलोवॉटचा हीटर पोटात लावून तुम्ही चढ चढत होता.

ही उष्णता बाहेर टाकायचा उन्हाळ्यात एकच धड मार्ग, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण २४०० किलोज्यूल घेऊन जातो. तुमच्या हीटरचा हिशोब केला तर तासाला पाऊण लिटरच्या वर घाम *वाळायला* हवा. वाळायला, गळायला नव्हे. हनुवटीवरून जी धार लागली होती तिने तुम्हाला काडीचंही गार केलं नाही, उलट पाणी आणि मीठ फुकट गेलं.

आता घाम वाळायला वारा लागतो. सपाटीवर समोरून वारा असता तर शिव्या दिल्या असत्या, पण अंग सुकत राहिलं असतं. तुम्ही ताशी २२ ने जाताय आणि वारा मागून १५ ने येतोय, म्हणजे अंगाला लागणारा वारा फक्त ७ चा. आणि चढावर तुम्ही ८ ने, वारा मागून १०-१५ ने. जवळजवळ शून्य! स्वतःच्या गतीची हवेची एक पिशवी सोबत घेऊन तुम्ही त्यात शिजत होता.

समजा त्या चढावर पाचशेपैकी तीनशे वॉटच बाहेर पडले आणि दोनशे आत साठले. सत्तर किलोच्या शरीराचं तापमान एक अंश वाढवायला साधारण २४५ किलोज्यूल पुरतात. दोनशे वॉटने हे काम होतं वीस मिनिटांत. तासाभराच्या चढावर काय झालं असेल ते तुम्हीच बघा. आणि ही वजाबाकी नीट करा म्हणजे झालं. :)

यात पाणी कुठे आलं? पाणी घामाला कच्चा माल पुरवतं, बस. माल गोदामात भरपूर आहे, पण घाम वाळायलाच तयार नाही, तर आणखी दोन लिटर ओतून काय होणार? हीटर बारीक करणे हा एकच उपाय. म्हणजे गिअर उतरवा, हळू जा, नाहीतर थांबा. सावलीत नुसतं बसलेला माणूस शंभर वॉटच्या आसपास तापतो. पाचशेवरून शंभर, आणि वरून तळपणारं ऊनही बंद. कुठल्याही बाटलीत एवढी ताकद नाही.

ता. क. कॉम्प्युटरचे ४७ खरे धरू नका, तो स्वतः उन्हात तापलेला असतो. हवामानवाले तापमान सावलीत, जमिनीपासून वर, हवेशीर पेटीत मोजतात. पण तापलेल्या डांबरापासून दोन हात वर तुम्ही होता, त्यामुळे त्यांचा आकडाही तुमचा नाही.

तेलकट हात (सोमवार, सकाळी ७:०५)

मी फक्त पंक्चरवर बोलणार. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की ती आपली नाही. काही आठवड्यांत सुकते, उन्हाळ्यात आणखी लवकर. दर हंगामाला नवीन, बंद ट्यूब ठेवायची, आणि एक नाही, दोन. स्पेअर ट्यूब जुन्या मोज्यात घालून ठेवा, अवजारांबरोबर सुटी ठेवली की घासून चिरते. बिनगोंदाची चिकट ठिगळं आणीबाणीपुरती. तापलेल्या रस्त्यावर ती हळूहळू सरकतात, पुढच्या मुक्कामी ट्यूब बदलाच.

हवेचं विचारत नाही कोणी, तरी सांगतो. पहाटे ८० पीएसआय दाबाने भरलेला टायर दुपारी तीस अंशांनी जास्त तापला तर ८९-९० ला जातो. फुटत नाही, घाबरू नका, पण पहाटे कमाल मर्यादेला टेकवून भरायची खोड सोडा. आणि ट्यूबलेसवाले, आतलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) गरमीत लवकर आटतं. हलवून बघा, आवाज नाही आला तर समजा.

नवखी (सोमवार, सकाळी ८:१५)

मी दोनच महिने झाले सायकल चालवतेय. वाचून हात-पाय गार पडले (बरंच झालं म्हणा). पण मला एक आकडा सांगा ना, किती अंशांनंतर बाहेर पडायचं नाही?

आकडेमोड (सोमवार, सकाळी ८:५०)

नवखी, तापमानाचा एकच आकडा सांगितला तर तो फसवेल. दमट हवेतले ३४ हे कोरड्या ४१ पेक्षा वाईट असू शकतात, कारण घाम वाळत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या तळांवर कवायत करताना जवान कोसळायला लागले तेव्हा एक निर्देशांक बसवला, डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर). त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के, आणि ज्याच्यावरून आपण बोंबलतो त्या साध्या तापमानाला फक्त १० टक्के! बऱ्याच हवामान संकेतस्थळांवर तो मिळतो. नाही मिळाला तर दहा मिनिटं चालवून बघा. टीशर्ट चिंब राहतोय की सुकतोय? चिंब असेल तर हळू.

नाडी (सोमवार, दुपारी १:४०)

ओपीडी आटपून लिहितोय, थोडं सविस्तर लिहितो. घटाघट यांचा सल्ला कृपया कोणी पाळू नका.

तासाला दीड लिटर, तहान असो नसो, हे धोक्याचं आहे. पोट आणि आतडं मिळून तासाला साधारण एक लिटरच्या आतबाहेरच पाणी उचलतात, बाकी पोटात डुचमळतं. आणि साधं पाणी घामापेक्षा जास्त पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली जातं तेव्हा त्याला हायपोनॅट्रिमिया म्हणतात. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी रुतणे, गोंधळ, शेवटी झटके. लक्षणं बघा, उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. मग आजूबाजूचे काय करतात? आणखी पाणी पाजतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. दिवसअखेर वजन सकाळपेक्षा वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय. थोडं घटलं असेल तर ठीक. पिण्याचा नियम कंटाळवाणा आहे. तहान लागली की प्या, तहानेला दडपू नका, तिच्या पुढे धावूही नका.

मीठ-साखर का, तेही सांगतो. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज हातात हात घालून शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या ओआरएसमध्ये लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असंच जोडीने ठेवलंय. घरी करायचं तर एक लिटरला सपाट अर्धा चमचा मीठ, सहा सपाट चमचे साखर, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

आता मुख्य गोष्ट. चाकोरीबाहेर, तुमच्या पूर्ण लेखातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य ऊन, पाणी, चढ यांबद्दलचं नाही. वजाबाकीचं आहे. उन्हाने थकवा येणं वेगळं आणि डोकं बिघडणं वेगळं. थकवा, पेटके, घेरी, मळमळ यांत सावली, विश्रांती, पेय यांनी माणूस सावरतो. पण माणूस विसंगत बोलायला लागला, चिडचिड करायला लागला, साधं उत्तर देईना, की तो उष्माघात समजायचा जोवर तसं नाही हे सिद्ध होत नाही. आतलं तापमान ४० च्या वर आणि मेंदूवर परिणाम, अशी त्याची व्याख्या. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' ही समजूत पुसून टाका. मेहनत करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. उन्हात अंगावर काटा येणं हीही ओळखीची खूण आहे.

अशा वेळी आधी गार करायचं, मग न्यायचं. गळ्यापर्यंत थंड पाण्यात बुडवता आलं तर सर्वात उत्तम. नाहीतर कपडे काढून सतत पाणी ओतत राहा आणि वारा घाला. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर माणूस बहुधा वाचतो. तापाची गोळी उपयोगाची नाही, हा ताप तसला नाही. दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तर सुकलेल्या शरीरात किडनीवर येतात.

आणि संध्याकाळचे ४२? मुळीच नाही. ५:३० ला बरं वाटत होतं यावर जाऊ नका, असा झटका बसलेलं शरीर पुढे कितीतरी दिवस उष्णता नीट झेलत नाही. लघवीचा रंग गडद चहासारखा झाला होता का? झाला असो वा नसो, उद्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या, किडनी आणि स्नायूंचं. निदान आठवडाभर मेहनत बंद.

घटाघट (सोमवार, दुपारी २:२०)

बरं. वजन करून बघतो. मला काही झालं नाही एवढंच म्हणत होतो.

रात्रपाळी (सोमवार, दुपारी ३:०५)

पाण्याच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरणही विसरू नका. १३ जुलै १९६७, टूर द फ्रान्स, माँ व्हाँतूचा उघडाबोडका चढ. ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन शिखराच्या अलीकडे कोसळला आणि गेला. त्या काळी शर्यतीत पाणी घेण्यावरच निर्बंध असत, वर त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि दारू सापडली. थकवा कळू न देणारं औषध आणि ऊन. पहिल्यांदा पडल्यावर लोकांनी त्याला पुन्हा सायकलवर बसवलं होतं, कारण तोच तसं म्हणत होता. चाकावर बसणारा कोणी त्याला मिळाला नाही.

मुक्काम पोस्ट (सोमवार, संध्याकाळी ६:३०)

एवढ्या मोठ्या माणसांत माझी छोटी गोष्ट. बाटलीवर जाड सुती मोजा चढवा आणि तो ओला ठेवा. कोरड्या हवेत अर्ध्या तासात पाणी पिण्याजोगं होतं. गरम पाणी माणूस नकळत कमी पितो. दमट हवेत मोज्याचा उपयोग नाही, आकडेमोड सांगतील का ते.

दुसरं, कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. दुपारच्या थांब्यावर चड्डी बदला आणि मांड्या साध्या पाण्याने धुऊन कोरड्या करा. घाम सुकला की मिठाचे कण राहतात, आणि मग चड्डी काचते ती अशी की तिसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही. टूर उन्हाने कमी, काचण्याने जास्त मोडतात.

तिसरं, सवय. एकदम मोठा पल्ला नको. रोज तासभर उन्हात थोडी मेहनत, असे दहा-बारा दिवस केले की घाम लवकर सुटतो आणि कमी खारट होतो. जर्सीवरचे पांढरे डाग फिके होत जातात, मी त्यावरूनच ओळखतो. महिनाभर एसीत बसलात की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खोचक (सोमवार, रात्री ८:०२)

विभाग बदलायचा राहू द्या. तेवढी ओली मोजेवाली युक्ती करून बघतो.

मांडीखालचं चाक (सोमवार, रात्री ९:१५)

नमस्कार. खातं आजच काढलं. मी तो जोडीदार.

डॉक्टरांनी लिहिलं ते वाचून राहवलं नाही, कारण ह्याने लिहिलंय त्यात थोडं कमी आहे. मुद्दाम लपवलं असं मला वाटत नाही.

वजाबाकीच्या आधी, चढ सुरू असताना, ह्याने मला तीन वेळा विचारलं की पंक्चर कोणाच्या चाकाला झालं होतं. तिन्ही वेळा मी सांगितलं, तुझ्या. पहिल्या दोन वेळा मला वाटलं गंमत करतोय. झाडाखाली पोचल्यावर ह्याने हेल्मेट काढलं, परत घातलं, उलटं. मग सायकल वळवली आणि आलो त्या दिशेने, उताराला लावली. तेव्हा मी चाक काढलं. चाक काढण्याचं कारण वजाबाकी नव्हती, वजाबाकी तर हा मनातच करत होता, मला कशी कळणार?

त्यानंतर दोघांच्या बाटल्या आणि माझी दोन लिटरची पिशवी ह्याच्या डोक्यावर, मानेवर ओतली. नकाशाच्या पुठ्ठ्याने वारा घातला. वीसेक मिनिटांनी ह्याने मला नावाने हाक मारली आणि विचारलं, माझं चाक कुठाय. तेव्हा मला बरं वाटलं.

माझीही चूक लिहून ठेवतो. पंक्चरनंतर हा सुटला तेव्हा मी मागून ओरडायला हवं होतं. पाठचा वारा मलाही आवडला होता. आणि पिण्याचं सगळं पाणी ओतून टाकल्यावर आमच्याकडे थेंब नव्हता. गाडी मिळाली नसती तर काय केलं असतं, त्याचं उत्तर नाही.

चाकोरीबाहेर (सोमवार, रात्री ९:५०)

मला यातलं काहीच आठवत नाही. हेल्मेट नाही, वळणं नाही. तीन वेळा विचारल्याचं तर नाहीच. मी शपथेवर सांगितलं असतं की मी झाडाखाली पोचलो, वजाबाकी केली आणि हा खेकसण्याजोगं काहीतरी बोलला.

नाडी, रंग गडद होता. मला वाटलं पाणी कमी पडलं. उद्या सकाळी जातो.

नाडी (सोमवार, रात्री ९:५८)

उद्या नाही, आत्ता. रात्री उघडं असेल त्या रुग्णालयात, जोडीदाराला घेऊन. गाडी त्याला चालवू दे.

मांडीखालचं चाक (सोमवार, रात्री १०:०१)

निघालो.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ६:४०)

काय झालं?

मांडीखालचं चाक (मंगळवार, सकाळी ७:३०)

दाखल करून घेतलंय, सलाइन चालू आहे. स्नायूंचा एक आकडा बराच वाढलेला, किडनीचा थोडा. दोन दिवस ठेवतील म्हणाले. हा शुद्धीत आहे, मोबाईल मी काढून घेतलाय.

नवखी (मंगळवार, सकाळी ८:००)

बाप रे. लवकर बरे व्हा. मी आणि माझी मैत्रीण आता दर अर्ध्या तासाने एकमेकींना वजाबाकी घालणार, ठरलं.

तेलकट हात (मंगळवार, सकाळी ८:२०)

वजाबाकी रोज वेगळी घाला. पाठ होते.

चाकोरीबाहेर (पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:३०)

धागा वर काढतोय. सगळे रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टरांची परवानगी मिळून दहा दिवस झाले. तेव्हापासून रोज सकाळी तासभर सपाटीवर, हळू.

उद्या त्या झाडापासून उरलेले ४२. तिथवर गाडीने जाणार (खोचक, बोला). ४:३० ला सुरुवात, ८ च्या आत आटोपणार, न आटोपलं तर जिथे असू तिथे संपलं. सोल्यूशन नवीन घेतलंय, दोन. स्पेअर ट्यूब मोज्यात.

मांडीखालचं चाक (शनिवार, रात्री ८:४१)

पाणी मी जास्तीचं घेतलंय, ओतायचं वेगळं, प्यायचं वेगळं. एकशे त्रेचाळीस वजा सत्त्याऐंशी?

चाकोरीबाहेर (शनिवार, रात्री ८:४२)

५६. झोप आता.